हिवाळ्यासाठी ठेवलेली जाळी

मला मलेरिया झाला होता असं कुणाला सांगितलं, की समोरचं माणूस लगेच म्हणतं, "हो का? आमच्या धाकट्यालाही झाला होता," आणि बोलणं दुसरीकडे वळतं. मलेरियाला कुणी मान देत नाही. दुसऱ्या एखाद्या मोठ्या आजाराचं नाव घेतलं की लोक आवाज खाली आणतात, मलेरियाचं नाव घेतलं तर चहा पीत राहतात. आमच्या जव्हार-मोखाड्याकडे तर तो पावसाळ्याचाच भाग समजला जातो. छत्री गळते, चिखल होतो, घरात एखाद्याला ताप येतो.

म्हणून इतकी वर्षं मी याबद्दल काही लिहिलं नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतली एक तरुण शिक्षिका मला म्हणाली, की तिला मच्छरदाणीत गुदमरल्यासारखं होतं, म्हणून ती काढून ठेवलीय. तिचा सातवा महिना चालू होता. मधल्या सुट्टीत तिला ओट्यावर बसवलं आणि माझी सगळी हकिगत सांगितली. घंटा झाली तरी आम्ही बसून होतो. तिनेच म्हटलं, बाई, हे लिहून काढा, माझ्यासारख्या पुष्कळ आहेत. तर हे तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या पुष्कळ जणींसाठी आहे. औषधांची माहिती यात मिळणार नाही, ती डॉक्टरांना विचारा.

घर

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता, आणि ठाणे म्हणजे कुठेतरी खाली, लांब. माझं माहेर जव्हार गावातलं. वडील सरकारी कचेरीत कारकून, घरात नळ आणि पंखा. लग्न होऊन मी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर आले आणि तिथल्याच शाळेत मला नेमणूक मिळाली, म्हणून सगळ्यांना फार आनंद झाला. आमचे हे एका आश्रमशाळेत शिक्षक. शाळा लांब, त्यामुळे ते शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. बाकीचे दिवस घरात आम्ही दोघीच, मी आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. त्या माझ्या वडिलांच्या बहीण नाहीत, पण आमच्याकडे सासूला तसंच म्हणायची रीत आहे.

आत्या म्हणजे कामाचा झपाटा. भात, नागली, वरई, म्हैस, सगळं एकटीच्या अंगावर. बोलणं कमी. माझ्याशी वाकडं कधी वागल्या नाहीत, पण जवळ घेऊन चार शब्द बोलल्या असंही कधी झालं नाही. मला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी माझ्या हातातली कळशी काढून घेतली, आणि ती नंतर मला परत मिळाली नाही. तेवढंच त्यांचं कौतुक. मला ते पुरेसं वाटायचं का? खरं सांगायचं तर नाही. मी बोलकी बाई, मला कुणीतरी विचारलेलं लागतं.

कापरं

गणपती नुकतेच गेले होते. मला सहावा महिना. वर्गात पाढे चालू होते आणि मला अचानक थंडी वाजायला लागली. पाऊस होता, खिडकीला दार नव्हतं, म्हणून मी पदर घट्ट ओढून खुर्चीत बसले. मग दात वाजायला लागले. मुलांनी पाढे थांबवले. पहिल्या बाकावरची एक मुलगी शांतपणे म्हणाली, "बाई, तुम्हाला कापरं आलंय. घरी जावा."

आमच्या पाड्यावर या आजाराला कापरं म्हणतात. आधी अंग कापतं, मग भट्टी पेटते, मग घामाने अंथरूण भिजतं, आणि दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामाला लागतं. मीही लागले. आत्यांनी मला चुलीजवळ बसवलं, दोन गोधड्या घातल्या, कसलासा कडू काढा दिला. पुन्हा ताप आला तेव्हा मी खोडाळ्याच्या दवाखान्यात गेले. तिथे बोट टोचून काचेवर रक्त घेतलं, गोळ्या दिल्या, रिपोर्ट आला की कळवतो म्हणाले. गोळ्या पोटात ठरल्या नाहीत. ओकारी म्हणजे पोटुशीपणाची असणार, असं मीच ठरवून टाकलं.

नंतरचं मला तुटक आठवतं. भर दुपारी मी अंथरुणावर बसून हजेरी घेत होते आणि कुडाची भिंत "हजर" म्हणत नव्हती म्हणून तिच्यावर चिडत होते. आत्यांनी शेजारच्या पुरुषांना हाका मारल्या. मला झोळीत घालून सडकेपर्यंत नेलं. एरवी कमी बोलणाऱ्या आत्या त्या दिवशी झोळीबरोबर चालताना सारख्या काहीतरी पुटपुटत होत्या, पण मला शब्द कळत नव्हते. तिथून जीप, आधी मोखाडा, मग जव्हार.

मी तिथेच होते

जव्हारच्या सरकारी रुग्णालयात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, पोट चाचपलं, रक्त तिथल्या तिथे बघायला लावलं. निरोप मिळून हे आले होते. माझे आईवडील तर गावातलेच. सगळे खाटेभोवती उभे असताना त्या म्हणाल्या, की हा मेंदूकडे जाणारा मलेरिया आहे, रक्त फार कमी झालंय, आणि अशा वेळी आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो.

यांनी विचारलं, बाळाला काही होणार नाही ना? माझ्या आईने विचारलं, बाळ हलतंय का? आत्या मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या आणि म्हणाल्या, "पोराचं काय व्हईल ते सांगा."

डॉक्टरबाई म्हणाल्या, आधी आईला वाचवू, मग बाळाचं बघू. मी डोळे मिटून पडले होते, पण ऐकू सगळं येत होतं. मला मोठ्याने सांगावंसं वाटलं, की अहो, मीही इथेच आहे. जीभ उचलली नाही.

ज्यांच्या घरी असा प्रसंग येईल त्यांना माझी एक विनंती आहे. आजारी माणूस डोळे मिटून असलं तरी ऐकत असतं. खाटेजवळ त्याचंही नाव घ्या.

कानातला डास

औषध सलाइनमधून चालू झालं आणि माझ्या कानांत गुणगुण सुरू झाली. एक बारीक, न थांबणारा आवाज. मी सारखी हात हलवून डास हाकलत होते. सिस्टरने सांगितलं की तो डास नाही, औषधाचा परिणाम आहे, थोडे दिवस राहील. म्हणजे डासाने आजार दिला आणि औषधाने कानात डास दिला. मला हसू आलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच हसले होते, ते पाहून आईने डोळ्यांना पदर लावला. तिला वाटलं मी पुन्हा भ्रमात गेले.

हळूहळू वॉर्डाचा दिवस कळायला लागला. सकाळी फिनेलचा वास आणि ओली फरशी. मग डॉक्टरबाईंची फेरी. त्या आल्या की सगळ्या खाटा सरळ व्हायच्या, आम्हीसुद्धा. दुपारी बाहेरच्या आवारात नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटायच्या आणि भाताचा वास आत यायचा. त्या वासाने मला भूक लागायला लागली तेव्हा आपण जगणार असं मला वाटलं. दिवे लागायच्या सुमारास सिस्टर यायची आणि आम्हा तापाच्या बायकांच्या खाटांवरच्या मच्छरदाण्या सोडून गादीखाली खोचून जायची.

माझ्या शेजारच्या खाटेवर दाभोशाची जनी होती. तिलाही हाच ताप, पण माझ्यापेक्षा हलका. हसरी बाई. तिच्या पाड्यावर सरकारी जाळ्या वाटल्या होत्या. मच्छरदाणीला आमच्याकडे जाळीच म्हणतात. तर हिच्या नवऱ्याने जाळी हातात घेऊन ताणून पाहिली, भोकं बारीक आहेत म्हणून खूश झाला आणि सरळ ओढ्यावर घेऊन गेला. "मासं झकास मिळालं," जनी म्हणाली, "आमी खाल्लं, आन् डासांनी आमाला खाल्लं." मला ती हसवायची आणि मग हसू नको, पोटाला हिसका बसेल म्हणून दटावायची.

आत्या त्या दिवसांत खाटेजवळच्या जमिनीवर बसून असायच्या. माझे पाय चेपायच्या, पेज भरवायच्या, आणि थोड्या थोड्या वेळाने माझ्या पोटावर हात ठेवून बघायच्या. बाळ हललं की त्यांचा चेहरा सैल व्हायचा. मग पुन्हा पाय चेपायला लागायच्या.

आत्ताच कशाला?

एका संध्याकाळी सिस्टर जाळी खोचत असताना आत्यांनी तिला अडवलं.

"सिस्टरबाई, हिला आत्ताच कशाला जाळीत घालता? आजून हिवाळा लांब हाय."

सिस्टरला काही कळलं नाही. ती म्हणाली, "आजी, हिवतापाचा पेशंट आहे. डास चावून तो दुसऱ्याला होऊ नये म्हणून."

"तेच म्हणते मी. हिवतापाची जाळी हिवात लावायची ना? आमच्याकडं पण हाय अशी. नर्सबाईनी दिली, हिवतापाची हाय, जपून वापरा म्हनली. मी पेटीत ठेवलीय, नवीकोरी. पोर हिवात जन्माला यायचंय, तवा त्याच्यावर घालायला."

सिस्टरचे हात थांबले. मी जाळीच्या आतून आत्यांकडे बघत राहिले.

आता नीट सांगते. आमच्याकडे हिव म्हणजे थंडी. हिवाळ्यातली, सकाळी गवतावर दव पडतं ती. पाड्यावरच्या नर्सबाई पोटुशी बायकांना जाळ्या वाटत होत्या त्या दिवशी मी शाळेत होते. माझ्या रक्तवाढीच्या गोळ्या आणायला आत्या गेल्या होत्या. नर्सबाई दुसऱ्या गावच्या, त्यांनी मलेरियाचा सरकारी शब्द वापरला, हिवताप. आत्यांनी तो आपल्या भाषेत ऐकला. हिवाचा ताप, म्हणजे थंडीत येणारा. पाड्यावरचं कापरं पावसात येतं, त्याचा आणि या जाळीचा संबंध त्यांना लागलाच नाही. डासांसाठी आम्ही संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करत होतो, झालं. बाळंतपण थंडीतच होणार होतं. सगळा हिशेब बरोबर जुळत होता.

आणि गोळ्या दिल्या तेव्हा त्या मला जाळीबद्दल का बोलल्या नाहीत? कारण पोराची वस्तू पोर यायच्या आधी कुणाला दाखवायची नसते. अपशकुन होतो. म्हणून पेटीत सगळ्यात खाली, त्यांच्या लग्नातल्या लुगड्याखाली.

सिस्टरने खाली बसून त्यांना समजावलं. रागावली नाही. हा ताप थंडीचा नाही, पावसात साचलेल्या पाण्यावरच्या डासांचा आहे, आणि जाळी पोटुशी बाईला झोपायला दिलेली असते, आत्ता, पावसातच. आत्या ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे ती हिची व्हती?"

सिस्टर हो म्हणाली.

राग

पहिल्यांदा मला हसू यायच्या बेतात होतं. शब्दाचा असा घोटाळा मुलांच्या पेपरात सापडला असता तर मी घरी येऊन सांगितला असता. पण रात्रीपर्यंत त्या हसण्याचा राग झाला. शब्द चुकला याचा नव्हे. शब्द कुणाचाही चुकेल. राग याचा होता, की घरात एक जाळी आली आणि ती कुणाची असेल असा विचार करताना माझं नाव त्यांच्या मनात आलंच नाही. जाळी पोराची. गोळ्या पोराच्या. पेज पोराची. कळशी काढून घेतली तीही पोरासाठी. मग मी कोण? पोराला घरापर्यंत आणून देणारी जीप?

वाचताना हे कुणाला जास्त वाटेल. आजारात माणूस असंच विचार करतं, आणि तेव्हा ते खरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी यांना हे कळलं आणि ते आपल्या आईवर भडकले. व्हरांड्यातलं बोलणं वॉर्डात ऐकू येत होतं. तुझ्यामुळे दोन जीव टांगणीला लागले, असं म्हणाले. आत्यांनी आत येऊन माझं पांघरूण सारखं केलं, जनीला म्हणाल्या हिच्यावर लक्ष ठेव, आणि न जेवता पाड्याकडे जाणाऱ्या जीपला गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते, आणि मला वळावंसं वाटलं नाही.

जनी बराच वेळ वेणी घालत बसली. मग म्हणाली, "तुझ्या सासूनं जपली तरी. आमची तर पयल्याच दिवशी ओढ्यात गेली."

ते हललं नाही

ताप उतरला. कानातली गुणगुण कमी झाली. आणि मग एका सकाळी माझ्या लक्षात आलं, की उठल्यापासून बाळ हललेलं नाही.

मी डाव्या कुशीवर झाले, उजव्या कुशीवर झाले. गोड चहा प्यायले. पोटावर हात ठेवून वाट पाहिली. आईला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होईल असं वाटत होतं. आतापर्यंत सगळे बाळाबद्दल विचारत होते म्हणून मी रुसले होते. त्या सकाळी मला कळलं की मीही दुसरं काही विचारत नव्हते. माझा जीव वाचला होता, आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं.

जनीने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि ती स्वतःच सिस्टरला बोलावून आली. डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी पोटावर टेकवली आणि कान लावला. सरकवली. पुन्हा कान लावला. कपाळाला आठ्या. मी त्यांच्या कानातली छोटी कुडी बघत होते, ती आजही मला कागदावर काढून दाखवता येईल. नळी अजून खाली सरकली. आवारात कुणीतरी मोठ्याने हसलं, त्याला सिस्टरने खिडकीतून गप्प केलं.

"आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दमलंय तेही. पण आहे."

मी रडले. जनी माझ्यापेक्षा मोठ्याने रडली. डॉक्टरबाईंनी सांगितलं की बाळ वाढीला मागे आहे, ते लवकर येऊ शकतं, त्यामुळे मी आता पाड्यावर जायचं नाही, बाळंत होईपर्यंत माहेरीच राहायचं. आणि जाळीतच झोपायचं.

माहेरचे दिवस

ताप गेला की माणूस बरं झालं असं सगळ्यांना वाटतं. माझे केस मुठीने गळत होते. परसापर्यंत गेले तरी धाप लागायची. संध्याकाळी थोडा गारवा आला की अंगावर काटा यायचा आणि मी थर्मामीटर काखेत घालून बसायचे. ताप नसायचा. भीती मात्र असायची, आणि ती मोजायला काही मिळत नाही. हे सगळं होतं आणि जातं. जायला वेळ लागतो, एवढंच लक्षात ठेवा.

जाळीत झोपण्याचंही तसंच. पहिल्यांदा कोंडल्यासारखं होतं. शहरात खाट असते, दांड्या असतात. पाड्यावर झोपायचं जमिनीवर, कारवीच्या कुडात खिळा ठरत नाही, एका बाजूला चूल. जाळी बांधायची कुठे? घरात माणसं सहा आणि जाळी एक, मग आत कोण झोपणार? बहुतेक घरांत धनीच झोपतो. दिवाळीनंतर अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं तेव्हा बिऱ्हाडाच्या गाठोड्यात जाळीला जागा नसते. लोक जाळ्या वापरत नाहीत असं म्हणणं सोपं आहे. मीही पूर्वी म्हणायचे.

यांचा राग आठवड्यात उतरला होता. ते घरी जाऊन आले आणि सांगू लागले, की त्यांनी वाशांना दोऱ्या बांधून जाळी टांगली, तर त्यांची आई तिच्यात झोपायला तयार नाही. बाहेर तरटावर झोपते. समजावून उपयोग नाही. आणखी एक सांगितलं. आत्यांनी म्हणे नर्सबाईंना वाटेत गाठून सुनावलं, की नुसतं हिवतापाची म्हणत जाऊ नका, पावसात लावायची असं म्हणा, आन् जिची तिच्या हातात द्या. नर्सबाईंनी त्यापुढे तसंच सांगायला सुरुवात केली.

मला भेटायला मात्र आत्या आल्या नाहीत. जीपवाल्याबरोबर कधी नागलीचं पीठ यायचं, कधी घरचे पोहे, कधी वाळवलेली भाजी. निरोप काही नसायचा. मी ते खायचे आणि मनात म्हणायचे, हेही पोरासाठीच.

पोरगी

डॉक्टरबाईंचं खरं ठरलं. बाळ वेळेआधीच निघालं. सकाळी आई आंघोळीचं पाणी काढत होती आणि मला कळा सुरू झाल्या. वडिलांनी रिक्षा आणली. खोडाळ्याच्या एका दुकानात फोन होता, तिथे त्यांनी निरोप ठेवला. यांच्या शाळेत निरोप पोहोचायला वेळ लागणार होता.

बाळंतपणाबद्दल मी लिहीत नाही, ते ज्यांचं त्यांना माहीत असतं. दुपार कलली तेव्हा बाळ बाहेर आलं आणि रडलं नाही. सिस्टरने त्याला पालथं धरलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. मी छताकडे बघत होते, आणि त्या वेळी मी काय काय कबूल केलं ते इथे सांगण्यासारखं नाही. मग एक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा बारीक. मग जरा मोठा. मग चांगला, रागावलेला.

"मुलगी," सिस्टर म्हणाली. "एवढीशी आहे, पण आवाज बघा."

तिला कापसात आणि फडक्यात गुंडाळून त्यांनी माझ्या गालाला लावलं आणि लगेच ऊब द्यायला घेऊन गेल्या. माझ्या अंगात जीव राहिला नव्हता. डोळे मिटत होते. दाराला नुसता हिरवा पडदा होता, बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. वडिलांना सांगायला आई फाटकाकडे गेली असणार, कारण तिचा आवाज नव्हता. सिस्टर पडदा सारून बाहेर गेली आणि कुणाला तरी म्हणाली, "आजी, उठा. नात झाली तुम्हाला. वजन कमी आहे, पण ठीक आहे."

आत्या आल्या आहेत हे मला माहीत नव्हतं. त्या केव्हापासून तिथे बसल्या होत्या, तेही नाही.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "आन् पोरगी कशी हाय?"

"सांगितलं ना आजी, ठीक आहे. रडली चांगली. थोडे दिवस इथेच ठेवू तिला."

"ती नव्हं गं बाय. ती आत्ता आली," आत्या म्हणाल्या. "माझी पोरगी. आत हाय ती. तिचं सांग."

सिस्टरला कळायला एक क्षण लागला. तिने उत्तर द्यायच्या आधी मीच, होतं नव्हतं ते बळ एकवटून, पडद्याच्या आतून ओरडले, "आत्या, मी बरी आहे."